आक्कांचा डावा खांदा

मीनल, अजय, समुद्रापलीकडून तुमचं पत्र गेल्या सोमवारी पोचलं. आक्काआजी गेल्याची तार तुमच्या बाबांना केली त्याला आता पाच आठवडे होतील, म्हणजे तार मिळाल्यावर तुम्ही फार दिवस न लावता लिहायला बसला असणार. बाबांच्या मजकुराखाली मीनल, तू स्वतःच्या हाताने मराठीत तीन ओळी लिहिल्या आहेस. ‘आजी, मी आक्काआजीचा हात ओढला होता. त्यामुळे तिचा खांदा दुखायचा का? त्यामुळे ती मेली का?’ त्या ओळी वाचून मी पत्र घडी करून ठेवलं, स्वयंपाक केला, आणि पुन्हा उघडून वाचलं. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत तुम्ही कोल्हापूरला आला होतात. अंगणात केलेला किल्ला दाखवायला तू आक्काआजीचा हात धरून ओढलास, नेमका डावा, आणि ती एवढ्या मोठ्याने ओरडली की शेजारच्या सरूताई धावत आल्या. तू पलंगाखाली जाऊन बसलीस, ती जेवायलासुद्धा बाहेर आली नाहीस. तेव्हा तू सात वर्षांची होतीस. इतके दिवस तू हे मनात ठेवलंस, आणि आम्हाला कुणालाच कळलं नाही.

तेव्हा आधी उत्तर देते. नाही, तुझ्यामुळे नाही. तिचा खांदा तू ओढण्याच्या किती तरी वर्षं आधीपासून दुखत होता, आणि ती गेली ती मेंदूतल्या दुसऱ्या झटक्याने, पहाटे, झोपेत. हे दोन्ही डॉक्टरांनी सांगितलेलं आहे. पण तू आता नऊ वर्षांची आहेस आणि तुझ्या बाबांसारखीच चिवट आहेस. ‘मग कशामुळे दुखायचा?’ असं तू विचारशीलच, आणि तिथे तुझी आजी अडखळते. मला सगळं जागच्या जागी लागतं, हे बाबांनी तुम्हाला सांगितलं असेलच. आक्कांच्या खांद्याचं दुखणं मात्र मला अजून जागच्या जागी लावता आलेलं नाही. जेवढं ठाऊक आहे तेवढं लिहिते. यातला हाताच्या काळजीपुरता भाग, नावं न घालता, इथल्या वर्तमानपत्राच्या पुरवणीलाही देणार आहे. असा एक लुळा हात सांभाळणारी घरं आमच्या गल्लीत आता आणखी दोन आहेत, आणि आम्हाला तेव्हा कुणी काही सांगितलं नव्हतं.

आक्का म्हणजे तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहीण. गारगोटीला दिलेल्या होत्या. बाविसाव्या वर्षी नवरा गेला आणि भावाने त्यांना कोल्हापूरला आणलं. मी लग्न होऊन राजारामपुरीतल्या या घरात आले तेव्हा स्वयंपाकघर त्यांचं होतं, आणि पुढेही त्यांचंच राहिलं. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, मुलींच्या शाळेत नोकरीला लागलेली. आक्का मला नावाने कधी हाक मारत नसत. ‘मास्तरीण’ म्हणत. इकडच्या पुष्कळ बायकांप्रमाणे त्या ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलत, आणि आवाज असा की चौथ्या घराला कळावं, आज आमच्याकडे कोणती भाजी आहे. “इंग्रजी शिकून भाकरी फुगती व्हय गं मास्तरीण?” हे मी लग्नाच्या पहिल्या महिन्यात ऐकलं, आणि भाकरी खरोखर फुगत नव्हती. पण मी शाळेत शिकवत असताना तुमच्या बाबांना अंगाखांद्यावर वाढवलं ते त्यांनीच. मधल्या सुट्टीत बाळ दुधासाठी रडायला लागलं की उन्हातून त्याला कडेवर घेऊन शाळेच्या फाटकापाशी येऊन उभ्या राहायच्या, आणि शिपायाला सांगायच्या, “आमच्या मास्तरणीला बोलवा, गिऱ्हाईक आलंय.” त्यांचा राग करावा की उपकार मानावेत, हे मला तेव्हाही ठरवता येत नसे.

त्यांचा एक नियम होता. उजवं आधी. उंबऱ्याबाहेर पाऊल उजवं, पहिला घास उजव्या दाढेखाली, आणि अंगात कपडा घालताना उजवा हात आधी. एकदा मी घाईत बाळाच्या अंगरख्याची डावी बाही आधी घातली. आक्कांनी अंगरखा काढला आणि पुन्हा घातला, उजवीकडून. “उलटं मेलेल्याला घालत्यात. जित्या लेकराला न्हाय.” मी त्यावर काहीतरी फटकळ बोलले, पण त्यानंतर उजवी बाही चुकवली नाही. पुढे पुढे हात आपोआप तसेच चालायला लागले.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात हे झालं. आक्का गच्चीवर वर्षाच्या चटणीच्या मिरच्या वाळत घालत होत्या. त्या वेळी साठी ओलांडलेली होती, पण ऐकायच्या नाहीत. जिना उतरताना मधेच बसल्या. मी विचारलं, “काय झालं?” तर स्वतःच्या मांडीवर पडलेल्या डाव्या हाताकडे बघत म्हणाल्या, “हा हात कुणाचा हाय गं?” मला वाटलं थट्टा करताहेत... इतक्या नेहमीच्या आवाजात विचारलं त्यांनी. तेरा दिवस दवाखान्यात काढून घरी आणलं तेव्हा डावी बाजू गेली होती. पाय पुढे थोडासा परत आला. हात नाही. जीभ मात्र पूर्ण शाबूत होती. तुमचे आजोबा म्हणाले, “देवाने नेमकी तीच ठेवली.” आक्कांनी ते ऐकलं आणि हसल्या. अर्धाच चेहरा हसला.

मी शाळेतून दोन महिन्यांची रजा घेतली आणि वही केली. सकाळी किती वाजता उठवलं, काय खाल्लं, पाय किती वेळ हलवला, कुठे दुखलं. मुलींच्या प्रगतिपुस्तकांसारखं सगळं रकान्यांत. पहिल्या आठवड्यात हात ओल्या टॉवेलसारखा लोंबायचा. खांद्याच्या हाडाखाली एक खळगा पडला होता, माझी दोन बोटं त्यात आडवी बसत. मी घाबरून डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, “हात धरून ठेवणारे स्नायूच झोपलेत, वहिनी. हाताच्या वजनाने सांधा खाली सरकतो. आधार द्या.” म्हणून मी जुन्या सुती लुगड्याची झोळी केली आणि हात गळ्यात बांधून टाकला, सकाळी आठ ते संध्याकाळी आठ. आधार दे म्हटल्यावर मी पूर्ण बारा तास दिला. खुर्चीत बसवायचं असलं की मी एका काखेत हात घालायची, आजोबा दुसऱ्या, आणि ‘एक, दोन’ म्हणून उचलायचो. अंघोळीनंतर झंपर घालायचा. ब्लाउजला त्या झंपर म्हणत. उजवा हात त्या स्वतःच पुढे करायच्या. तो बाहीत गेला की पाठीवरून कापड ओढून घ्यायचं, आणि मग डावा हात धरून मागे न्यायचा, बाहीच्या तोंडापर्यंत. तोवर कापड पाठीवर ताणलेलं असायचं. त्यामुळे हाताला बराच मागे यावं लागायचं.

तिसऱ्या महिन्यात दुखणं सुरू झालं. आधी अंघोळीच्या वेळी, मग कूस बदलताना, मग नुसतं कुणी जवळून गेलं तरी. ज्या हाताला चिमटा काढला तर कळत नव्हतं, त्या हाताचा खांदा एवढा कसा दुखतो, हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. आक्कांना ते साधं वाटे. “हात मेलाय, खांदा जिता हाय,” त्या म्हणायच्या. पंजा सुजायला लागला, बोटं पुरीसारखी फुगली. आणि मग प्रत्येकाने एकेक कारण आणलं. आमचे डॉक्टर म्हणाले, साखर आहे, अशांचा खांदा आखडतोच. सरूताई म्हणाल्या, खिडकीतून वारं लागतं. गारगोटीहून आक्कांची जाऊ आली. तिने एका अंग रगडणाऱ्या बाईला आणलं, ती म्हणाली वात धरलाय, आणि कढत तेल लावून तिने हात असा डोक्यावर नेला की आक्कांची शुद्ध हरपायची वेळ आली. तरी ती बाई सात दिवस आली, कारण आक्कांचाच तिच्यावर विश्वास. कुणी तरी सांगितलं म्हणून आजोबांनी स्वयंपाकघराच्या दारावर कप्पी लावून दोरी सोडली. तिच्या एका टोकाला डावा हात बांधायचा, उजव्या हाताने दुसरं टोक ओढलं की डावा वर जायचा. आक्का चिडून शर्यतीसारखी ओढायच्या. मिरजेचे एक फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एकदा कोल्हापुरात येत. त्यांनी येऊन पहिल्यांदा ती दोरी काढायला लावली. मी त्यांच्यापुढे वही उघडून ठेवली आणि विचारलं, “यातलं नेमकं कशामुळे?” त्यांनी पानं चाळली. म्हणाले, “सैल सांधा ओढला गेला की दुखतो. हलवला नाही तर आखडून दुखतो. पुढे स्नायू कडक होतात, त्याने दुखतो. साखरेने दुखतो. एकाच माणसात सगळं असू शकतं, बाई. एकच कारण शोधत बसू नका.” मी त्यांना चहा दिला, पण मला त्यांचा फार राग आला होता. मला एकच कारण हवं होतं.

कारण तोपर्यंत आक्कांनी स्वतःचं कारण ठरवलं होतं. एक दिवस मी आत कणीक मळत होते आणि बाहेर सरूताईंना आक्का सांगत होत्या. आवाज खाली आणायची सवय नव्हतीच. “मास्तरीण पिरगाळती माझा हात. रोज सकाळी. मागचं सगळं काढती बग त्येच्यात.” सरूताई काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. त्यानंतर गल्लीतल्या बायका आल्या की आधी आक्कांच्या खांद्याकडे बघायच्या आणि मग माझ्या हातांकडे. आजोबांना सांगितलं तर म्हणाले, “आजारी माणूस आहे. मनावर घेऊ नकोस.” तेही तेवढंच म्हणू शकत होते. एका बाजूला बहीण, एका बाजूला मी.

आणि आता जे लिहिते आहे ते मीनल, तू मोठी झाल्यावर पुन्हा वाच. त्यानंतरच्या एका सकाळी आक्का मला म्हणाल्या, “तुला लेकरू सांभाळायला मी लागलो, आता मला सांभाळायला तुला जड जातंय व्हय?” त्या वेळी त्यांचा डावा हात माझ्या हातात होता. बाहीत जात नव्हता. मी ओढला. रोजच्यासारखाच ओढला, की जरा जास्त?... मला सांगता येत नाही. त्या रोजच ओरडायच्या, त्या दिवशीही ओरडल्या. वहीत त्या दिवशी ‘सकाळी दुखलं’ एवढंच आहे, आदल्या दिवशीसारखंच. मी ते पान कितीदा तरी उघडून बघितलं आहे. स्वतःच्या अक्षरावरूनसुद्धा मला कळत नाही.

हे कोडं थोडंसं उलगडलं ते डॉक्टरांकडे नाही, रहीमभाईंच्या दुकानात. रहीमभाई म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणारे शिंपी. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, म्हणून तेही मला ‘बाई’ म्हणत. आक्कांचे चार झंपर होते. ते आलटून पालटून उसवायचे आणि मी टाके घालायला नेऊन द्यायची. त्या दिवशी रहीमभाईंनी झंपर उलटा करून माझ्यापुढे धरला.

“बाई, एक इचारू? रागवायचं न्हाय.”

“विचारा की.”

“चारी झंपर एकाच जागी फाटत्यात. डाव्या बाहीची मागची शिवण. उजवीला तर कायबी न्हाय. आक्का त्या हातानं काय दळण दळत्यात?”

“तो हात लुळा आहे, रहीमभाई. तुम्हाला ठाऊक आहे.”

“म्हणून तर इचारतो. लुळ्या हातानं शिवण फाटत न्हाय. कुणीतरी ओढल्याबिगर फाटत न्हाय.” मग माझ्या चेहऱ्याकडे बघून ते घाईने म्हणाले, “तुमी ओढता असं न्हाय म्हणत मी. घालता कसा ते सांगा.”

मी सांगितलं. उजवा आधी, मग डावा.

त्यांनी टेप गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. “अवो बाई... आमच्याकडं खांदा मोडलेली माणसं येत्यात, कोटाचं माप बगायला. दुखरा हात आधी घालायचा. कापड मोकळं असतंय तवाच. चांगला हात मागनं कसाबी येतोय, त्यो वळतोय. काढताना उलटं. चांगला आधी काढायचा, दुखरा शेवटी. आमच्या अब्बांनी पयल्या वर्षी शिकवल्यालं हाय ह्ये.” त्यांनी झंपर हातात धरून मला दाखवलं, डावी बाही आधी, एकदा आणि पुन्हा एकदा. मी तीसेक वर्षं शाळेत शिकवत होते. त्या दुकानात मी उभी राहून बघत होते आणि मला माझे हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. दहा महिने. रोज सकाळी एकदा, आणि उन्हाळ्यात संध्याकाळीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डावी बाही पुढे केली. आक्कांनी उजव्या हाताने झंपर माझ्या हातातून ओढून घेतला.

“डावा आधी? मी काय मेलो न्हाय अजून.”

“आक्का, डावा आधी घातला तर दुखणार नाही. रहीमभाईंनी दाखवलं.”

“रहीमला सांग, तुज्या आईला घाल असा झंपर. उलटं मेल्यावर करत्यात.”

मी समजावलं, चिडले, पुन्हा समजावलं. त्या झंपर मांडीखाली घालून बसल्या. अंगावर नुसतं लुगडं, केस ओले. शेवटी मी त्यांच्यासमोर खाली बसले. मला वाटतं, तीस वर्षांत त्यांच्यासमोर मी अशी प्रथमच बसले असेन. “आक्का, तुम्ही सरूताईंना सांगत होता ते खरं आहे,” मी म्हटलं. “मीच ओढत होते हात. रोज. मला कळत नव्हतं, पण ओढत होते.” आणि मग ज्याच्यासाठी बसले होते तेही सांगितलं. “एक दिवस बहुतेक रागानेही ओढला असेल. मला नक्की आठवत नाही.”

आता आक्का सगळी गल्ली गोळा करतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, “मग मी वरडत हुतो तवा कान कुठं ठेवले हुतेस?”

त्या रोजच ओरडत होत्या, म्हणून मी ते वहीत लिहीत होते. ऐकत नव्हते.

“आन् उजवा आधी म्हणून सांगणारी कोण?” त्या पुढे म्हणाल्या. स्वतःलाच विचारल्यासारख्या. “मीच की.” मग त्यांनी मांडीखालून झंपर काढला, मांडीवर पसरला, आणि त्यावर उजव्या हाताचा तळवा टेकवला, देवाच्या पायावर टेकवावा तसा. “हां. उजवा लागला. आता घाल तुजा डावा.”

त्या दिवसापासून आमच्या घरात ते तसंच चाललं. झंपर मांडीवर ठेवायचा, त्या उजवा हात लावणार, मग डाव्या बाहीने सुरुवात. पहिल्या दिवशी आक्का ओरडायच्या तयारीने दात आवळून बसल्या होत्या. बाही खांद्यापर्यंत आली आणि त्या म्हणाल्या, “झालं?” मी म्हटलं, “झालं.” “मग वरडायचं र्‍हायलं की,” आणि अर्ध्या चेहऱ्याने हसल्या.

इथे गोष्ट संपवली असती तर फार सोपं झालं असतं. पण तसं झालं नाही. दुखणं कमी झालं, हे खरं. वहीत दिसतं. पण त्याच महिन्यात त्या तेलवाल्या बाईचं येणं बंद झालं होतं, कप्पी काढली होती, मिरजेच्या माणसाने सांगितल्याप्रमाणे झोळी दिवसभर न ठेवता उशीवर हात ठेवायला लागलो होतो, आणि काखेत हात घालून उचलणं सोडलं होतं. थंडीही ओसरली होती. मी पुन्हा मिरजेच्या माणसापुढे वही ठेवली. ते म्हणाले, “बाहीमुळे झालं असेल. बाहीमुळे वाढलं असेल. बाही नीट घातली असती तरी झालं असतं, असंही असेल.” खांदा पूर्ण मोकळा कधीच झाला नाही. खांद्याखालचा खळगा भरला, पण हात छातीशी आखडून बसला, आणि कुणी अचानक धरला की कळ यायचीच. पुढे सहा-सात वर्षं. तू धरलास तेव्हा आली ती हीच कळ, मीनल, आणि ती तिथे तुझ्या आधीपासून बसलेली होती.

सरूताईंना आक्कांनी खरं काय ते सांगितलं का? नाही. मी वाट बघितली, आठवडे, मग वर्षं. एकदा मी विचारलंसुद्धा. आक्का म्हणाल्या, “सांगितलं तर मलाच हसतील. म्हणतील, आक्कानं स्वताच्या नियमानं स्वताचा हात मोडून घेतला.” म्हणजे त्यांच्या अब्रूसाठी माझी गेली, असं मी एका बाजूने म्हणते. दुसऱ्या बाजूने म्हणते की त्या एक वाक्य रोज गिळत होत्या. मी रागाने ओढल्याचं मी कबूल केलं होतं, आणि ते त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गल्लीने आनंदाने ऐकलं असतं. यातलं कुठलं मोठं, ते मला ठरवता येत नाही.

दिवाळीचं आणखी एक सांगते, ते तुला ठाऊक नाही. त्या दुपारी तू रडून रडून पलंगाखालीच झोपलीस. आक्कांनी आजोबांना आणि मला हाक मारली. “पोरीचा किल्ला बगायचा र्‍हायला की. उचला मला.” त्यांना खुर्चीसकट अंगणात नेलं. त्या वाकून बराच वेळ बघत होत्या. बुरुजाजवळचा एक मावळा आडवा पडला होता. त्यांनी उजव्या हाताने तो उभा केला. दुसऱ्या दिवशी तू तो उभा बघितलास आणि अजयने केला म्हणून त्याच्याशी भांडलीस. अजयने नव्हता केला.

त्या गेल्या त्या सकाळी बायका जमल्या. अंघोळ घातली. सरूताई म्हणाल्या, हात आखडलेला आहे, झंपर जाणार नाही, कात्रीने पाठ कापून घ्या, असंच करतात. मी म्हटलं, थांबा. रहीमभाईंनी शिवलेला झंपर मी आक्कांच्या पोटावर पसरला. त्यांचा उजवा हात उचलून त्यावर टेकवला. मग डावी बाही घातली, सावकाश, खांद्यापर्यंत, आणि मग उजवी. इतक्या वर्षांत तो खांदा माझ्या हातात असा गप्प कधीच राहिला नव्हता. सरूताई बघत होत्या. म्हणाल्या, “मेलेल्या माणसाला उलटं घालतात, एवढं तरी इंग्रजी शिकलेलीला ठाऊक आहे म्हणायचं.” बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. मी झंपरची बटणं लावत राहिले. आक्कांनी सात वर्षं सांभाळलेलं मी एका सकाळीत कशाला उघडं करू?

मीनल, तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. तुझ्यामुळे नाही. माझ्यामुळे असेल, आक्कांमुळे असेल, आजारामुळे असेल, किंवा सगळ्यांमुळे थोडं थोडं. मला निवडता येत नाही, आणि हल्ली मी निवडायचा हट्टही कमी केला आहे. आक्कांचं लुगडं-पांघरूण देऊन टाकलं. खुर्ची दोन घरं पलीकडे गेली, तिथे आता एक आजोबा बसतात, आणि त्यांच्या सुनेला मी दुखरी बाही आधी घालायला दाखवून आले आहे. माझे दोन्ही हात धड आहेत. तरी रोज सकाळी अंघोळीनंतर मी ब्लाउज मांडीवर पसरते, त्यावर उजवा हात टेकवते, आणि डावी बाही आधी घालते.